पाळी कुणाची?

शेगावात गजानन महाराजांच्या दर्शनाच्या रांगेत माणूस निर्धास्त उभा असतो. प्रकटदिनाची गर्दी असली तरी आपली पाळी येणार, हे त्याला ठाऊक असतं. सेवेकरी ‘माउली’ म्हणत वाट दाखवतात. माध्यमिक शाळेच्या गच्च भरलेल्या वर्गात मात्र मुलाला ही खात्री नसते. शेगावात नसते, तशी महाराष्ट्रात इतरत्रही नसते.

नववीची 70 मुलांची तुकडी धरा. इंग्रजीचा तास 40 मिनिटांचा. हजेरी आणि मागच्या बाकांवरची कुजबुज थांबवणं यात 10 मिनिटं जातात. सरांनी स्वतः एक शब्दही न बोलता उरलेला वेळ वाटला, तरी एकेकाच्या वाट्याला 25 सेकंद येतात. प्रत्यक्षात वेळ वाटलाच जात नाही. ज्याच्या घरी इंग्रजी वाचणारं कुणी आहे, ज्याला शिकवणी आहे, त्याचा हात वर होतो आणि प्रश्न त्यालाच जातो. खेड्यातून एसटीनं येणारी मुलगी वर्षभर फळ्यावरचं उतरवून घेते. यात सरांच्या मनात वाईट काही नसतं, त्यांना अभ्यासक्रम संपवायचा असतो. म्हणूनच हा अन्याय कुणाला खुपत नाही.

शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीसाठी एका शिक्षकामागे 35 मुलं ठरवून दिली. नववी-दहावीला त्या कायद्याचा आधार नाही. महाराष्ट्रात 2000 पासून पहिलीलाच इंग्रजी आहे. म्हणजे दहा वर्षं शिकूनही स्वतःचं एक वाक्य मोठ्यानं न बोललेलं मूल दहावीच्या परीक्षेला बसू शकतं.

तोंडी परीक्षेत तरी ते बोलत असेल? भाषेच्या 100 गुणांपैकी 20 शाळेच्या हातात असतात, आणि ते बहुतेकदा हात सैल सोडून दिले जातात. मार्च 2019 च्या परीक्षेत हे गुण नव्हते. दहावीचा राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला. अभ्यासक्रमही नवा होता, हे खरं. पण ओरड झाली ती गुण परत द्या म्हणून, आणि ते परत आले. मुलांना बोलायला मिळू द्या, अशी ओरड माझ्या तरी कानावर आली नाही. न ऐकताच दिलेले अठरा गुण मला दया वाटत नाहीत. मुलाला आपण फसवतो, आणि ते त्याला फार उशिरा कळतं. शेगावातच 1983 पासून गजानन महाराजांच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. मराठी माध्यमातून तिथं पोचलेल्या हुशार मुलासमोर पहिल्याच दिवशी इंग्रजी व्याख्यान असतं, आणि शंका विचारायला त्याची जीभ उचलत नाही.

तुकड्या लहान व्हायला हव्यात, शिक्षक भरायला हवेत. त्यासाठी सरकारला धारेवर धरलंच पाहिजे. पण तोवर थांबायचं कशाला? शेजारच्या दोघांनी दहा मिनिटं एकमेकांशी बोलायचं ठरवलं, तर एकाच वेळी 35 जण बोलतात. चुका होतील, होऊ द्याव्यात. गोंगाटही होईल. तो ऐकून मुख्याध्यापकांनी दारात येऊन सरांना जाब विचारू नये. पालकांनीही सभेत मुलीचे गुण विचारण्याआधी एवढंच विचारावं: या महिन्यात इंग्रजीच्या तासाला ती किती वेळा बोलली?