धरू दिलेला हात

पनवेलहून उरणच्या बाजूला गेलं की शेवटी करंजा बंदर लागतं. समोर रेवस. मध्ये धरमतरच्या खाडीचं रुंद पाणी आणि ते ओलांडणारी लाँच. धक्क्याच्या पायऱ्या शेवाळानं निसरड्या असतात. लाँच पाण्याबरोबर वर येते, खाली जाते. ती आणि पायरी यांच्यातली फट कधी वीतभर, कधी हातभर.

नवरा आधी चढलेला असतो. तो बायकोचा हात धरून ओढतो. "अगं चल, काही होत नाही." ती आणखी मागे सरते. मग खलाशी पुढे येतो. तो ओढत नाही. आपला हात आडवा, ताठ धरतो. "ताई, बोट वर येऊ द्या," एवढंच म्हणतो आणि थांबतो. बोट वर येते. ती त्याचा हात धरते आणि पाय टाकते.

ओढणाऱ्या हाताला घाई असते. धरू दिलेल्या हाताला वेळ असतो.

होडीची हौस एकाला असते आणि पाण्याची धास्ती दुसऱ्याला. हौस कधी त्याची असते, कधी तिची. हौस असलेल्याला वाटतं, समजावलं की भीती जाईल. पण भीती खोटी नसते. १८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली. माणसं गेली. ते ज्यांनी टीव्हीवर पाहिलं, त्यांना 'काही होत नाही' कसं पटावं? त्यापेक्षा लाइफ जॅकेट आधी आपण घालावं, मग तिच्या जॅकेटचे पट्टे नीट बसलेत का ते पाहावं. ज्यांचं पोटच समुद्रावर आहे, ते कोळीही नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहतात; मगच होड्या लोटायच्या, अशी जुनी रीत. जाणत्याची भीती नमस्कार होते, नवख्याची भीती पायांत येते. पाणी दोघांनाही तेच दिसत असतं.

पनवेल एके काळी बंदर होतं. रेल्वे येण्याआधी मुंबईहून पुण्याला निघालेली माणसं बोटीनं पनवेलला उतरत आणि पुढे बोरघाट चढत. त्या बोटींत घाबरलेल्या बायका असतील, घाबरलेले पुरुषही असतील. पण तेव्हा पाणी हाच रस्ता होता. आज रस्ते आहेत, पूल आहेत. आज आपण पाण्यावर जातो ते बहुतेकदा आनंदासाठी. म्हणूनच त्यात जबरदस्तीला जागा नाही.

या किनाऱ्यावर भरतीचा एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला आठ पाऊणे सहा. दशमीला दहा पाऊणे साडेसात. म्हणजे सकाळ-संध्याकाळ साडेसातच्या सुमारास खाडी भरलेली. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाण्याला ओढ फार. अष्टमी ते दशमीला भांगाची भरती असते, पाणी सौम्य चढतं, सौम्य उतरतं. हिवाळ्यातली सकाळ बहुधा शांत, दुपारनंतर वारा उठतो. तेव्हा पहिली फेरी हिवाळ्यातल्या दशमीला सकाळी, किनारा डोळ्यांसमोर ठेवून, तासाभराचीच असावी.

पण हा हिशेब आपण करून तिला सांगू नये. कालनिर्णय तिच्या हाती द्यावं. तिथी तिनं पाहावी, वेळ तिनं काढावी. ठरल्या वेळी पाणी खरंच पायरीला लागलेलं दिसलं, की समुद्र थोडा ओळखीचा होतो. अनोळखी माणसाच्या घरी कोणी निवांत बसत नाही. आधी ओळख व्हावी लागते.

होडी निघाली की सुकाणूही थोडा वेळ तिच्याकडे द्यावं. होडी आपल्या हातानं वळते, हे तळव्याला कळलं की छातीतली धडधड कमी होते. नुसतं बसून राहणाऱ्याला प्रत्येक लाट मोठी दिसते.

आणि एक शब्द निघण्याआधीच द्यावा. तू म्हणशील तिथून परत फिरू. का, असं विचारणार नाही. हा शब्द द्यायला सोपा, पाळायला अवघड. किनारा सोडून दहा मिनिटं झाली, वारा छान लागला, आणि ती म्हणाली, "पुरे." त्या क्षणी तोंड वाकडं न करता होडी वळवता आली पाहिजे. त्या दिवशीची फेरी बुडते, पण विश्वास तरतो. पुढच्या साऱ्या फेऱ्या त्याच विश्वासावर होतात.

जवळच्या माणसाला आपल्या आनंदात आणायचं, तर आधी त्याच्या नकाराला जागा द्यावी लागते. ती मिळाली की होकार आपल्या पायांनी येतो. आणि कधी तो नाहीच आला, तरी ते माणूस आपलंच असतं.