दाराला भिंत लागते

फ्रान्समध्ये १९१३ च्या कायद्याने एखाद्या वास्तूचा फक्त एक भागही स्मारक म्हणून नोंदवता येतो. त्यामुळे तिथल्या कितीतरी खेड्यांत चर्च साधंसुधं, पण त्याचं कोरीव दार तेवढं संरक्षित, असा प्रकार दिसतो. १९०५ च्या कायद्यापासून ही जुनी गावचर्च बहुतेक ठिकाणी स्थानिक पंचायतीच्या मालकीची आहेत. म्हणजे दारासाठी संस्कृती खात्याकडे हात पसरता येतो. त्याच्या डोक्यावरची गळकी कौलं मुख्यतः गावाच्या गळ्यात. हिशेबाला ही वाटणी सोयीची आहे. दाराला नाही.

का, ते इंग्लंडमधल्या हेरफर्डशरमध्ये कळतं. तिथल्या किल्पेक या लहानशा गावातल्या चर्चचं दक्षिणेकडचं दार साधारण ११४० च्या सुमाराचं. लाल वालुकाश्मातली कमान, तिच्यावर पक्षी आणि चित्रविचित्र जनावरं, मधल्या अर्धवर्तुळात वेल, बाजूच्या खांबावर वेलींत गुरफटलेले दोन लांबोडके योद्धे. देवळांच्या द्वारशाखा बघत वाढलेल्या माणसाला यात फारसं परकं वाटू नये. उंबरठ्यापाशी सगळं अद्भुत गोळा करून ठेवायचं आणि मगच माणसाला आत घ्यायचं, ही रीत आपल्याही ओळखीची. जवळपास नऊशे वर्षांनंतरही हे कोरीव काम आश्चर्य वाटावं इतकं टवटवीत आहे.

त्याच परगण्यात शोब्डनला याच शैलीचं, थोडं आधीचं चर्च होतं. १७५० च्या दशकात तिथल्या जमीनदार बेटमन घराण्याने ते पाडून नव्या फॅशनचं गॉथिक चर्च बांधलं. जुन्या कमानी मात्र टाकून दिल्या नाहीत. त्या जवळच्या टेकडीवर नेऊन शोभेसाठी उभ्या केल्या. त्यांतली एक तर चर्चच्या आतली, गाभाऱ्यासमोरची कमान. पाऊस अंगावर घेण्यासाठी ती घडवलेलीच नव्हती. आज ते कोरीव काम झिजून ओळखू येईनासं झालंय. मूळ नक्षी समजायला अभ्यासकांना जॉर्ज लुइसने १८५२ साली प्रसिद्ध केलेल्या चित्रांचा आधार घ्यावा लागतो. दगडात फरक असेल, टेकडीवर वारा जास्त असेल. तरी किल्पेकची कमान भिंतीत राहिली आणि शोब्डनची उघड्यावर गेली, हे विसरून चालणार नाही. बेटमन मंडळींना ते दार आवडलं नव्हतं असंही नाही. त्यांना फक्त दारच आवडलं होतं.

आपल्याकडे जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजचा दरवाजा असाच एकटा उभा आहे. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली आला तो याच कॉलेजात. १८३२ मध्ये इमारत पाडली गेली. दरवाजा संरक्षित आहे, आणि असायलाच हवा. पण त्यातून आत पाऊल टाकावं तर माणूस पुन्हा बाहेरच.

यावर उत्तर ठरलेलं असतं: पैसा थोडा, चर्च फार, सगळं कसं जपणार? प्रश्न खरा आहे. लोक प्रार्थनेला येईनासे झाले की गावालाही छपराचा खर्च जड जातो, आणि दर रविवारी दार उघडणारा माणूस राहिला नाही की भिंतीवरची ओल पहिल्यांदा बघणारंही कोणी उरत नाही. पण म्हणूनच, थोडाच पैसा असेल तर तो आधी नक्षी स्वच्छ करण्यावर कशाला घालवायचा? तो पन्हळीवर घाला. पन्हळ तुंबली की पाणी भिंतीत मुरतं, हिवाळ्यात गोठून फुगतं आणि दगडाचा वरचा पापुद्रा सुटतो. कोरीव काम असतं ते त्याच पापुद्र्यावर.