शरीर आधी बोलतं

काही माणसांना पहाटे जाग येते ती छातीतल्या धडधडीनं. घडलेलं काहीच नसतं. तरी पोटात गोळा येतो, खांदे आखडतात. मन गप्प असतं. शरीर आधी बोलतं.

गोव्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रांत हेच दिसलं. अंग दुखतं, झोप लागत नाही, थकवा जात नाही, असं सांगत माणसं येत. 'मी उदास आहे,' असं क्वचितच कुणी म्हणे. पण अनेकांच्या दुखण्यामागे नैराश्य किंवा चिंता असे. मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि १९९६ मध्ये गोव्यात सुरू झालेली 'संगाथ' संस्था यांनी मग साध्या, स्थानिक माणसांना समुपदेशन शिकवलं. ही माणसं आधी ऐकून घेत. अंगदुखीचा मनाशी असलेला धागा समजावत. मग रुग्णाबरोबर बसून दिवसाची छोटी कामं ठरवत. थोडं चालणं. कुणाला भेटणं. मन लागेल याची वाट पाहत बसायचं नाही, हाच त्यातला गाभा. २०१७ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं या पद्धतीच्या चाचणीचे निष्कर्ष छापले: नेहमीच्या उपचाराला ही जोड मिळालेले अधिक रुग्ण बरे झाले.

किती दिलासा आहे यात! स्वतःला सावरणं म्हणजे दात-ओठ आवळून सोसणं नव्हे.

शरीर आधी बोलतं, तेव्हा श्वास सावकाश, लांब सोडून पाहा. नाडी थोडी मंदावते. छातीतलं दुखणं मात्र मनाचंच आहे असं धरून चालू नका. डॉक्टरांना दाखवा, आणि त्यांना झोपेबद्दल, उदासीबद्दलही मोकळेपणानं सांगा.