किंचित घातक

1957 साली जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन इंग्लंड सोडून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. त्याच वर्षीच्या एका निबंधात त्यांनी नैसर्गिक निवडीची किंमत मोजली. जुनं जनुक जाऊन नवं सगळीकडे रुजायचं, तर जुन्याच्या वाहकांना पिढ्यानपिढ्या मरत राहावं लागतं. एवढी मोडतोड सोसत जातीला असा बदल सरासरी 300 पिढ्यांतून एकदाच परवडतो, असं त्यांचं गणित होतं.

अकरा वर्षांनी जपानमधल्या मिशिमा इथे मोतो किमुरांनी हे गणित प्रथिनांशी ताडून पाहिलं. तोवर हिमोग्लोबिनमधली अमिनो आम्लं एकेक करून वाचता येऊ लागली होती. माणसाच्या आणि घोड्याच्या अल्फा साखळीत 141 पैकी 18 जागी फरक. या वेगानं सगळ्या जनुकसंचाचा हिशेब केला, तर सस्तन प्राण्यांत साधारण दर दोन वर्षांनी एक बदल रुजत होता. हॉल्डेनच्या खर्चात हे बसणारच नव्हतं. मग किमुरा म्हणाले, रेणूंच्या पातळीवरचे बहुतेक बदल निवडीला दिसतच नाहीत; ते ना हिताचे ना अहिताचे, योगायोगानं टिकतात नाहीतर विरून जातात. यावर पुढे बरीच वर्षं कडाक्याचा वाद झाला.

मला मात्र या कथेतलं सर्वांत मोलाचं पाऊल त्यानंतरचं वाटतं, आणि ते तोमोको ओहता यांचं आहे. गहू आणि शुगरबीटच्या गुणसूत्रांवर काम करून, 1966 मध्ये अमेरिकेत डॉक्टरेट मिळवून त्या मायदेशी परतल्या आणि किमुरांबरोबर काम करू लागल्या. घातक उत्परिवर्तनं छाटली जातात, उदासीन तरंगत राहतात, ही विभागणी त्यांना पुरेशी वाटेना. अगदी थोडंसं घातक असेल, त्याचं काय?

किंचित एका बाजूला झुकणारं नाणं दहा वेळा उडवलं, तर खोट कळत नाही. लाख वेळा उडवा, लगेच उघडी पडते. ओहतांच्या विचारात जातीची संख्या हेच काम करते. लाखोंच्या समूहात किंचित घातक उत्परिवर्तन निवडीच्या तावडीत सापडतं. तेच शे-दोनशेंच्या समूहात योगायोगाच्या लाटेवर चढून सगळ्यांत पसरू शकतं. म्हणजे घातकपणा एकट्या जनुकात नसतो, तो किती जण उरलेत यावरही ठरतो. 1973 मध्ये त्यांनी हे ‘नेचर’मध्ये मांडलं.

एक जुनं कोडंही यातून सुटू लागलं. उंदराच्या पिढ्या हत्तीपेक्षा कितीतरी भराभर येतात, मग त्याची प्रथिनंही तितक्याच भराभर का बदलत नाहीत? ओहतांचं उत्तर होतं: कमी आयुष्याचे जीव संख्येनं प्रचंड असतात, त्यामुळे त्यांच्यात छाटणीही कडक होते, पिढ्यांचा वेग आणि छाटणी एकमेकांना बरंचसं खोडतात. पुढे डीएनए वाचता आला, तेव्हा प्रथिनात फरक न पाडणारे मूक बदल उंदरांच्या कुळात खरोखरच वेगानं साचलेले दिसले. छाटणीला तिथे फारसा वाव नव्हता.

2015 मध्ये त्यांना क्राफूर्ड पारितोषिक मिळालं. तोवर हा विचार जंगलांच्या अभ्यासातही शिरला होता. ओडिशातल्या सिमिलीपालमध्ये काही वाघांचे पट्टे इतके रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले असतात, की वाघ काळाच दिसतो. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये याचं मूळ एकाच जनुकातल्या एका बदलात दाखवलं. सिमिलीपालच्या वाघांत तो सर्रास आढळतो. देशातल्या इतर जंगलांतल्या तपासलेल्या वाघांत नाही. तिथले वाघ मोजके, आणि बाहेरच्या वाघांपासून तुटलेले. काळा रंग त्यांना बाधतो असा पुरावा नाही, तो फक्त आपल्या डोळ्यांना दिसतो. त्याच वाटेनं त्याच वाघांत न दिसणारं काय काय पसरलं असेल, याची मला जास्त काळजी वाटते. बाहेरून एखादा वाघ तिथे पोहोचेल असा जंगलाचा सलग पट्टा आधी राखायला हवा.