आंबवण आणि शिळेपणाचा प्रश्न

गीतेच्या 17व्या अध्यायात पर्युषित, म्हणजे रात्र उलटलेले, अन्न तामस मानले आहे. तरीही तीन वाट्या तांदूळ व एक वाटी उडीद डाळ वाटून रात्रभर आंबवलेले डोशाचे पीठ (नाशकातल्या थंडीत त्याला एक रात्र पुरत नाही, हा भाग वेगळा) घरोघरी निःशंकपणे तव्यावर पसरले जाते. शिजलेले अन्न शिळे होते, तर कच्चे पीठ आंबताना घडत असते, हा भेद येथे निर्णायक ठरावा. मनुस्मृतीनेही आंबलेले पदार्थ वर्ज्य ठरवताना दह्याला सूट दिलीच आहे. नाशिकजवळच्या म्हसरूळ येथील गजपंथ या जैन तीर्थाला जाणाऱ्या काटेकोर जैन श्रावकाची अडचण अधिक खोल आहे, कारण ज्या सूक्ष्म जीवांमुळे पीठ फुगते, त्यांचीच हिंसा तापलेल्या तव्यावर घडते, म्हणून तो ताज्या पिठाचा, जाळी कमी पडलेला डोसा पत्करतो.