हलकी बॅग, उसनी नजर

प्रवासातल्या छायाचित्रणाविषयी सध्या एकच उपदेश जिकडेतिकडे ऐकू येतो: सामान कमी करा. मोठी बॅग घरी ठेवा, एक कॅमेरा आणि एक लेन्स घ्या, नाहीतर खिशातला फोन पुरे. यातला व्यवहाराचा भाग मला मान्य आहे. दोन बॉडी आणि चार लेन्स अंगावर बाळगत देवळाच्या अरुंद दारातून आत शिरणारा माणूस दर्शनाला आलेल्यांच्या वाटेत येतो, आणि त्याची लेन्स बदलून होईपर्यंत आरती संपलेली असते. माझा विरोध आहे तो पुढच्या दाव्याला. सामान कमी झालं की नजर आपोआप निवळते असं गृहीत धरून या सोयीला साधनेचा, जवळजवळ वैराग्याचा दर्जा दिला जातो. तो तिला मिळू नये असं मला ठामपणे वाटतं.

जितक्या लेन्स जास्त तितके फोटो चांगले, असं मानणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. देवळात कॅमेरा काढूच नये म्हणणाऱ्यांचा प्रश्न श्रद्धेचा आहे, तो त्या त्या देवस्थानाने सोडवावा. पण ‘एक लेन्स, बाकी पाय’ हा पंथ विचारी माणसांचा आहे, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं.

हे लोक हेन्री कार्तिए-ब्रेसाँचा दाखला देतात. छोटा लायका, बहुतेक वेळा 50 मिमीची एकच लेन्स, आणि विसाव्या शतकातली किती तरी थोर छायाचित्रं. दाखला खरा आहे, निष्कर्ष घाईचा. 1855 मध्ये विजापूर-बदामीच्या वास्तू टिपणाऱ्या कॅप्टन बिग्जचं अवजड सामान पाहिलं तर या हिशेबाने त्याला शांत, नेमकी नजर लाभू नये. तरीही ती चित्रं आजही अभ्यासकांना लागतात. याउलट 1888 साली कोडॅकने फिल्म भरलेली पेटी बाजारात आणली, तिच्यात शंभर फोटो निघत आणि ती हातात सहज मावे. तिने असंख्य लोकांच्या हाती कॅमेरा दिला, नजर दिली असं कोणी म्हणणार नाही. वजनाचा आणि नजरेचा संबंध इतका सरळ नाही.

पुण्यातल्या सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं देऊळ घ्या. 1754 ते 1770 या काळात गोसाव्यांनी बांधलेलं, काळ्या दगडाचं. दर्शनी भिंतीवर द्वारपाल, हत्ती, मोर, पोपट, दारावर गजलक्ष्मी, आणि साखळदंडांनी जखडलेला एक गेंडा, त्याच्याबरोबर बंदूकधारी शिपाई. त्या शिपायांत इंग्रज ओळखणारे अभ्यासक आहेत. हे शिल्प वाचायचं तर साखळीच्या कड्या आणि शिपायांचा वेश वेगवेगळा दिसला पाहिजे. काळ्या दगडावर तो फरक रंगाने दिसत नाही, सावलीने दिसतो. तिरपं ऊन पडलं की उठाव बोलतो, ढग आले की गप्प होतो.

इथे ‘पायांनी झूम करा’ हे सूत्र लावून पाहा. 35 मिमीची लेन्स लावून अंगणातून जवळजवळ सगळी दर्शनी बाजू येते. आता फक्त गजलक्ष्मी हवी आहे, म्हणून तुम्ही पुढे सरकता. पण पुढे सरकलात की तुम्ही तिच्या खाली येता. कॅमेरा वर करावा लागतो, उभ्या रेषा आत झुकतात, उंबऱ्यापाशी मान वर करून उभ्या असलेल्या माणसाला दिसेल ते चित्र मिळतं. अंगणाच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला दिसणारी गजलक्ष्मी त्यात नसते. चित्राचा दृष्टिकोन ठरतो तुम्ही कुठे उभे आहात त्यावर. लेन्स फक्त त्यातला किती भाग कापून घ्यायचा ते ठरवते. ही दोन स्वतंत्र कामं आहेत, आणि ‘पायांनी झूम’ म्हणणारे ती एकच समजतात. शिवाय देवळात पाय मोकळे नसतात. पुढे जोते आहे, बाजूला रांग आहे, प्रदक्षिणेची दिशा ठरलेली आहे. तिथे हलण्याचा हट्ट धरण्यापेक्षा एका कोपऱ्यात उभं राहून 85 मिमी लावणारा कमी त्रास देतो, आणि मला वाटतं, जास्त पाहतो.

फोनचा युक्तिवाद तर आणखी कच्चा आहे. गाभाऱ्याला खिडकी नसते. उन्हातून आत आल्यावर, विजेचा दिवा नसेल तर, आधी समईची ज्योत दिसते, मग मूर्तीचा आकार, मग वाहन असलेला मोर, आणि सोंडा तीन आहेत हे सर्वांत शेवटी. हा उशीर बांधणाऱ्याने आपल्याला दिला आहे. फोनचा नाइट मोड काही क्षणांत अनेक फ्रेम घेतो, त्या एकावर एक जुळवतो, सावल्या उजळतो, ज्योतीची झळाळी दाबतो, दाणे पुसतो. हाती येतो तो दुपारी दोनचा गाभारा. बाहेरच्या गेंड्याचंही तेच होतं. साखळीखालची सावली उजळली की साखळी भिंतीत मिटते. फोन खांद्याला हलका आहे हे खरं, पण त्याच्या आत हा सगळा खटाटोप तुमच्यासाठी दुसऱ्याने आधीच ठरवून ठेवला आहे.

म्हणून मला भेद करायचा आहे तो ओझं कमी करण्यात आणि निर्णय सोडून देण्यात. कार्तिए-ब्रेसाँने ओझं कमी केलं. प्रिंट तो इतरांकडून करून घेई, पण अंतर, उजेड आणि क्षण हे त्याच्याकडेच राहिले. फोनवाला ओझ्याबरोबर उजेडही देऊन टाकतो. एकाच लेन्सचा व्रतस्थ उजेड स्वतःकडे ठेवतो, पण चौकट किती कापायची हा निर्णय एकदा घरी घेऊन मोकळा होतो. तो निदान त्याने स्वतः घेतलेला असतो, म्हणून त्याच्याशी माझं भांडण सौम्य आहे. फोनमध्येही उजेड हाताने ठरवता येतो, आणि तसा ठरवणारा माणूस माझ्या लेखी साधेपणाच्या जास्त जवळ आहे.

सामान हलकं जरूर करा. साध्या झूमच्या एफ 4 पेक्षा एफ 1.8 ची छोटी लेन्स सुमारे पाचपट उजेड आत घेते, त्यामुळे ट्रायपॉड आणि फ्लॅश दोन्ही घरी राहतात. गाभाऱ्यात पुजाऱ्यांना विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका. आणि फोनच असेल तर नाइट मोड बंद करा, ज्योतीवर बोट टेकवून एक्स्पोजर खाली आणा आणि मूर्तीच्या मागची भिंत काळी राहू द्या.