डोंगरावरचा धूर, गाडीमागचा धूर

न्यायदर्शनातलं वापरून वापरून गुळगुळीत झालेलं उदाहरण म्हणजे डोंगरावरचा धूर. धूर दिसला, की तिथे आग असणार. ऑस्ट्रेलियात कॅरव्हॅन ओढत चढ चढणाऱ्या जुन्या लँड क्रुझरमागेही धूर दिसतो. तिथे आग आहेच; ती नीट का जळत नाही, हा प्रश्न.

इंजिन ४.२ लिटरचं, सहा सिलिंडरचं, टर्बो नसलेलं. काळा धूर बहुधा डिझेलच्या मानाने हवा कमी पडल्याचा. एअर फिल्टर तुंबला असेल किंवा पंप जास्त डिझेल सोडत असेल. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा मात्र फसवा. तो न जळलेल्या डिझेलचा असू शकतो, नाहीतर हेड गॅस्केटमधून सिलिंडरमध्ये शिरलेल्या कूलंटची वाफ. अशा डळमळीत हेतूला, म्हणजे अनुमानाच्या खुणेला, नैयायिक 'सव्यभिचार' म्हणतात. (मेकॅनिक याहून वाईट शब्द वापरतात.)

मग उरतं शेषवत् अनुमान. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने दिलेला त्याचा एक अर्थ असा, की शक्यता एकेक करून बाद करायच्या आणि उरेल ती स्वीकारायची. आधी स्वस्तातलं, म्हणजे डिझेल फिल्टर, त्यात साचलेलं पाणी, सैल नळीतून शिरणारी हवा. कॉम्प्रेशन तपासणं नंतर.

अनुमान नाकारून फक्त प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांना दिसेल तेवढंच, मानणारा चार्वाक इथे हसेल. सगळ्या शक्यता मोजल्या कशावरून?

शंका रास्तच आहे. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर धावते तेव्हा तापमानाचा काटा जागचा हलत नाही. मागे दोन टन जोडून चढाला लावली, की तो वर सरकू लागतो. म्हणजे वर्कशॉपमधलं प्रत्यक्षही अपुरंच. मेकॅनिकला कॅरव्हॅनसकट चढ चढावा लागतो.